शेजारची चावी

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जाऊन चंद्रप्रकाश धुरी कुठे भेटतील असं विचारलंत, तर लोक खांदे उडवतील. ‘राखणवाले कुठे बसतात?’ असं विचारा, मग चहाची किटली घेऊन निघालेला माणूससुद्धा वाट वाकडी करून तुम्हाला गाळ्याच्या दारात सोडेल. दारावर पाटी नाही. पाटीवर नाव घालायचं की धंद्याचं, यावर बारा वर्षं विचार चालू आहे आणि तो संपण्याचं काही लक्षण नाही.

‘राखण’ हे धुरीच्या यंत्राचं नाव. दाराला बसवायचा कॅमेरा, त्याला जोडलेला विजेचा बोल्ट आणि आकडे दाबायची पट्टी. बाहेर कोण आलंय ते फोनवर दिसतं, आकडा दाबला की बोल्ट सरकतो. नाव ठेवलं ते गावच्या राखणदारावरून. मालवणच्या अलीकडे धुरीचं गाव. तिथे वेशीवरच्या राखणदाराला नारळ दिल्याशिवाय कोणी विहीरसुद्धा खणत नाही. धुरीनेही प्रत्येक नव्या खेपेचं पहिलं यंत्र पाटावर ठेवून, समोर नारळ मांडून देवाला गाऱ्हाणं घालायची रीत ठेवली होती. गाऱ्हाणं तो घालायचा आणि ‘होय म्हाराजा’ म्हणायला माधुरी. माधुरी म्हणजे गाळ्यातलं उरलेलं सगळं मनुष्यबळ. जोडणी तिची, वायरींना डाग देणं तिचं, पॅकिंग तिचं, आणि यंत्र उघडताना ‘या, दार उघडलंय’ असं जे बोलायचं तो आवाजही तिचाच. बाहेरून बाई आणून आवाज भरायची कल्पना धुरीला फाजील वाटली होती.

पण या यंत्राची खरी ख्याती होती ती शेजारच्या चावीबद्दल.

ती समजायची तर घाटकोपरला भटवाडीतल्या चाळीत जायला हवं. धुरीचा बाप गिरणीत, आई रुक्मिणी घरी. त्यांच्या खोलीच्या दाराआड एक फळी होती आणि तिच्यावर अकरा खिळे. अख्ख्या मजल्याच्या चाव्या तिथे. पोरं शाळेतून आली की ‘काकी, चावी’ ओरडायची, रुक्मिणी न बघता हात मागे करून बरोबर तीच चावी काढून द्यायची. पस्तीस वर्षांत तिने एकही चावी हरवली नाही, आणि कुणाच्याही दाराला त्याच्या परवानगीवाचून ती लावली नाही. कुणाच्या घरात काय आहे हे तिला ठाऊक होतं, तरी तिच्या तोंडून ते कधी बाहेर पडलं नाही. चंद्रप्रकाशने आईचं कौतुक असं कधी केलं नाही, आपल्याकडे ते करायची पद्धत नाही. पण तिच्यानंतर ती फळी त्याने गाळ्यात आणून लावली आणि यंत्र बनवताना आत तेच ठेवलं. माणूस आकडा विसरला, तर धुरीला फोन करायचा. धुरीपाशी एक जास्तीची चावी असे, म्हणजे एक गुप्त शब्द, सगळ्या यंत्रांना चालणारा. तो टाकला की चारकोपात बसून मुलुंडचं दार उघडायचं.

लोक विसरायचे. किती विसरायचे म्हणता! त्यातही पहिला नंबर एडना आंटीचा. बोरिवलीला आय. सी. कॉलनीच्या मागे दुसऱ्या मजल्यावर ती आणि तिचा नवरा इग्नेशियस राहायचे. मुलगी शॅरन परदेशात. इग्नेशियसला दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. खुर्चीत बसून असायचा, हाताशी पितळेची छोटी घंटा. काही हवं असलं की वाजवायचा. एडना पाव आणायला खाली जायची आणि महिन्यातून तीनदा धुरीचा फोन वाजायचा.

“अरे प्रकाश, कवाड परत नाय उघडत रे.”

“आंटी, लग्नाची तारीख टाका ना.”

“टाकली रे बाबा. तीन जून टाकली.”

“लग्न तेराला झालं तुमचं. सर्टिफिकेट दाखवलंत मला.”

“तेराला? इग्नेशियसला नको सांगू हां,” म्हणून ती हसायची, तोवर धुरीने बोल्ट सरकवलेला असायचा. आतून माधुरी म्हणायची, ‘या, दार उघडलंय.’

असं सगळं झकास चाललं असताना सरकारचा नियम आला. नेटला जोडलेले कॅमेरे यापुढे सुरक्षेची चाचणी पास असल्याशिवाय विकायचे नाहीत. यंत्राच्या पोटात काय आहे, सुटे भाग कुठून आले, बाहेरचा माणूस आत शिरू शकतो का, हे सगळं प्रयोगशाळा तपासणार, मग प्रमाणपत्र. नाही मिळालं तर धंदा बंद. नियमात वाईट काही नव्हतं, हेही सांगून टाकतो. पण नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठाले कारखाने असतात, धुरी आणि माधुरी नसतात.

अर्ज शंभरेक पानांचा. त्यातला एक प्रश्न असा होता, की मालकाच्या नकळत यंत्र उघडण्याची काही सोय उत्पादकापाशी आहे का? इतर कुणीही ‘नाही’ लिहिलं असतं आणि मग ते खरं करायला धावला असता. आमच्या धुरीने ‘होय’ लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, खाली जागा पुरेना म्हणून वेगळा कागद जोडला: ग्राहकांच्या सोयीसाठी आम्ही प्रत्येक दाराची जास्तीची चावी ठेवतो, ही सेवा विनामूल्य आहे, आजवर एकही तक्रार नाही. वर सातशे समाधानी दारांचा उल्लेख.

माधुरीने तो कागद वाचला. “भाऊ, एवढं कशाला लिहिताय? विचारलं तेवढंच सांगा ना.”

“खरं लिहायला भीती कसली? चांगलीच गोष्ट आहे.”

प्रयोगशाळेतून तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. समोर प्रांजल नावाची तिशीच्या आतली मुलगी, चष्मा, केसात पेन खोचलेलं. टेबलावर ‘राखण’ उघडून पडलं होतं. धुरीला कसंसंच झालं, स्वतःच्या माणसाला ऑपरेशनच्या टेबलावर बघितल्यासारखं.

“काका, तुमचा कागद मी दोनदा वाचला,” ती म्हणाली. “असा कागद आजपर्यंत कुणी जोडला नव्हता.”

धुरीला वाटलं कौतुक चाललंय. “सेवा म्हणजे सेवा, मॅडम.”

“ती चावी मला सांगू नका. मी शोधते. तुमच्या स्वतःच्या गाळ्याला हेच यंत्र आहे ना? त्याच्यावर करून बघू? परवानगी द्याल?”

त्याने दिली. शोधू दे की! बारा वर्षांत कुणाला सापडली नव्हती. प्रांजलने उघड्या यंत्राच्या पोटातल्या चार पिनांना वायरी लावल्या. त्या पिना धुरीनेच ठेवल्या होत्या, दुरुस्तीला बऱ्या पडतात म्हणून. पडद्यावर अक्षरं धावू लागली. धुरीचा चहा अजून गरम होता तोवर तिने वहीत एक शब्द लिहिला आणि वही त्याच्याकडे फिरवली. त्यावर त्याच्या आईचं नाव आणि चाळीतला खोली नंबर होता.

मग तिने दुसऱ्या संगणकावर तोच शब्द टाकला. पडद्यावर चारकोपचा गाळा आतून दिसू लागला; तिथला कॅमेरा धुरीने चाचणीसाठी आतल्या भिंतीवर, दाराकडे तोंड करून लावला होता. माधुरी दाराशी स्टुलावर बसून डबा खात होती. भेंडी होती, तीसुद्धा दिसली. प्रांजलने एक बटण दाबलं. तिकडे बोल्ट सरकला. माधुरीने घास हातात धरून दाराकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, “भाऊ, आलात पण?”

दारात कोणी नव्हतं. माधुरी उठली, बाहेर डोकावली, पॅसेजमध्ये दोन्हीकडे पाहिलं. परत आत येताना तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. तिने डबा झाकला आणि दाराला आतून स्टूल लावून ठेवलं.

धुरीची मान खाली गेली. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की फळी आपल्या दाराआड आहे. ती रस्त्यावर टांगलेली होती, आणि सातशे घरं तिच्यावर लटकत होती. त्यात एडना आंटी होती, एकट्या राहणाऱ्या बाया होत्या. आईने पस्तीस वर्षांत जे होऊ दिलं नाही ते आपण केलं, असं त्याला वाटलं आणि खूप लाज वाटली.

“कुणी केलं असेल का असं? आधी?” त्याने विचारलं.

“माहीत नाही, काका. कळायची सोयच नाही यात.”

“काय करू सांगा.”

“चावी काढा. पिना बंद करा. प्रत्येक यंत्राचा संकटकाळचा कोड वेगळा, तो फक्त मालकाकडे. तुमच्याकडेही नको. जन्मतारीख, लग्नाची तारीख आकडा म्हणून चालणार नाही. पाच वेळा चुकलं की फक्त कोड.” मग जरा मऊ आवाजात म्हणाली, “नियम नव्या यंत्रांना आहे. जुन्यांचं तुम्ही बघा.”

पण जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिल्यावर जुनी तशीच ठेवायची हिंमत त्याला होईना. सगळं नव्याने लिहायला पाच महिने लागले. चिपच्या कागदांसाठी परदेशी कारखान्याच्या मागे लागण्यात आणखी तीन. दरम्यान गाळा बंद असल्यातच जमा; माधुरी यायची, झाडायची, जुनी यंत्रं पुसून ठेवायची. नवं सॉफ्टवेअर तयार झालं तसं धुरीने ते जुन्या सातशेही दारांना पाठवलं. सोबत पत्र, प्रयोगशाळेने मंजूर केलेल्या भाषेत: आपला कोड सुरक्षित ठेवा. तो कोणालाही देऊ नका. आम्हालाही नाही.

एडना आंटीकडे तो स्वतः गेला. तिच्याकडून नवा आकडा ठरवून घेतला. तारखा यंत्र घेईना म्हणून तिने कंटाळून काहीतरी दाबलं. बारा आकड्यांचा कोड त्याने मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिला.

“हा तू ठेव ना,” एडना म्हणाली.

“नाही आंटी. आता मला ठेवता येत नाही.”

“का? मी काय केलं?”

“तुम्ही काय करणार? नियम आहे.”

“मग मानसीकडे ठेवते. बाजूचीच आहे, चांगली पोर आहे.”

आयुष्यभर जो माणूस म्हणत आला की चावी शेजारी हवी, त्याने क्षणभर विचार केला. मग त्याला पॅसेजमध्ये दोन्हीकडे बघणारी माधुरी आठवली. “नको. कुणालाच नको. कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.”

एडनाने शहाण्या मुलीसारखी मान हलवली, कपाटातलं बायबल काढलं आणि कागद आत ठेवला. इग्नेशियसने खुर्चीतून हे सगळं पाहिलं आणि घंटा एकदा वाजवली. एडना म्हणाली, “चहा सांगतोय तुला.”

प्रमाणपत्र एका मंगळवारी आलं. माधुरीने ते फ्रेम करून आणलं आणि फळीच्या शेजारी, मोकळ्या खिळ्यांना लागून टांगलं. शुक्रवारी सकाळी पहिलं पास झालेलं यंत्र पाटावर बसलं. हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती. माधुरी नवी साडी नेसून आली होती. आठ महिन्यांनी गाळ्यात काम सुरू होणार होतं. धुरीने हात जोडले आणि फोन वाजला. नंबर अनोळखी. आवाज ओळखीचा.

“प्रकाश, मी मानसीच्या फोनवरून बोलते. कवाड लागलं रे. माझा फोन आत राहिला. आकडा आठवत नाय. पाचदा टाकला, आता कोड मागतंय.”

“कोड कुठे आहे?” विचारलं त्याने, आणि विचारता विचारताच त्याला आठवलं.

“बायबलात,” एडना म्हणाली. “तूच बोललास ना.”

चारकोपहून रिक्षाने वीस मिनिटं. वाटेत त्याने फोनवर आपलं जुनं पान उघडलं, सवयीने आईचं नाव टाकलं. काही झालं नाही. होणार नव्हतंच, त्यानेच पुसलं होतं. तरी पुन्हा टाकलं. मग प्रांजलला फोन लावला.

“मॅडम, एक म्हातारी बाई बाहेर आहे, नवरा आत. त्याला चालता येत नाही. काहीतरी मार्ग असेल ना? प्रयोगशाळेपाशी?”

“काका, आता ते कुणालाच उघडता येणार नाही. म्हणून तर पास झालं.” मग तिचा आवाज बदलला. “फायर ब्रिगेडला बोलवा. लगेच.”

“बोलावलंय,” तो म्हणाला.

एडना दारासमोर पायरीवर बसली होती, मांडीवर पावांची पिशवी. शेजारची मानसी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी. दारावर ‘राखण’चा डोळा चमकत होता. धुरी समोर जाताच हिरवा दिवा लागला आणि माधुरीचा आवाज आला, ‘कृपया तुमचा कोड द्या.’ त्याच्या हाताने आपोआप पट्टीवर काही आकडे दाबले. ‘कृपया तुमचा कोड द्या,’ माधुरी पुन्हा म्हणाली, तेवढ्याच प्रेमाने.

या बोल्टला चावीचं भोक नव्हतं. भोकच नाही तर चोर घालणार काय, असं धुरी गिऱ्हाइकांना सांगायचा. वीज तोडली तरी आत बॅटरी होती. आतून मात्र एक हिरवं बटण दाबलं की दार उघडायचं. लहान पोरालाही दाबता येईल, असं त्याने खास ठेवलं होतं.

आतून घंटा वाजली.

“ऐकतोय तो,” एडना म्हणाली. “इग्नेशियस, मी बाहेरच हाय! प्रकाश आलाय! प्रकाशकडे चावी असते!”

धुरीने तिच्याकडे पाहिलं. “आंटी, माझ्याकडे नाही आता.”

“मस्करी नको करू रे.”

“नाही. खरंच नाही.”

तिने त्याच्या तोंडाकडे असं बघितलं की शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घंटा वाजत राहिली. आधी एकेक, मग घाईघाईने. मग एकदम थांबली. आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला, खुर्चीचा पाय फरशीवर घासल्यासारखा. एडना उभी राहिली. मांडीवरचे पाव पायऱ्यांवरून खाली गडगडले.

“उठू नको! इग्नेशियस, उठू नको! बस, मी सांगते ना बस!”

घासण्याचा आवाज जवळ येत होता. म्हातारा येत होता. दोन वर्षांत जो खुर्चीतून उठला नव्हता तो बायकोला दार उघडून द्यायला येत होता. धुरीने दाराला दोन्ही तळवे लावले आणि ओरडला, “अंकल, हिरवं बटण! हिरवं बटण दाबा!” एडना म्हणत होती बस, तो म्हणत होता दाबा. आणि आत कुणीतरी धपकन पडलं.

नंतर कसलाच आवाज नाही.

फायर ब्रिगेडची माणसं आली तेव्हा त्यांनी कटर बिजागरीशी लावला. धुरी पुढे झाला. “तिथे नाही. तिथे अर्धा तास जाईल. इथे लावा.” दाराच्या चौकटीत कुठली पट्टी किती जाड आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आपलंच यंत्र कसं फोडायचं ते तो बोट ठेवून दाखवत होता, आणि माधुरी मधून मधून कोड मागत होती. शेवटी कटर वायरीत गेला तेव्हा ती गप्प झाली.

इग्नेशियस दारापासून हातभर अंतरावर कुशीवर पडला होता. शुद्धीत होता, डोळे उघडे. कंबरेचं हाड मोडलं होतं, ते नंतर कळलं. डावा हात भिंतीला टेकवून वर ताणलेला, आणि त्या बोटांच्या वर वीतभर अंतरावर हिरवं बटण. एडना त्याच्याजवळ बसली, त्याचा हात खाली घेतला आणि ‘मूर्ख, मूर्ख’ म्हणत त्याच्या कपाळाचे मुके घेऊ लागली.

अ‍ॅम्ब्युलन्सपाशी तिने धुरीला हाक मारली. पिशवीतून बायबल काढलं, त्यातला कागद काढला आणि त्याच्या हातात दिला.

“हा तू ठेव. मला नियम-बियम सांगू नको.”

कोणत्याही दाराचा कोड आपल्यापाशी नाही, असं धुरीने सरकारला लिहून दिलं होतं. खाली त्याची सही होती. त्याने कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. आणखी काय करणार होता?

दुपारी तो गाळ्यात परतला. माधुरी तशीच थांबली होती, उपाशी. उदबत्ती संपली होती, तिने दुसरी लावली. त्याचं तोंड बघून तिला पुरेसं कळलं असावं. फक्त म्हणाली, “भाऊ, नारळ तसाच ठेवायचा नसतो.”

त्याने हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, राखणदारा...”

“होय म्हाराजा.”

“आज तुझ्या लेकरान जो काय ह्यो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे.”

“होय म्हाराजा.”

“कामाधंद्याक यश दी. दारादारावर तुझी नजर ठेव.”

“होय म्हाराजा.”

“आणि लेकरान... काय चुकला आसात...”

इथे चूक बोलून दाखवायची असते. खोटं चालत नाही. धुरी थांबला. चावी ठेवली ही चूक, की काढली ही? कागद आंटीला लपवायला सांगितला ही, की आत्ता खिशात आहे ही? त्याने फळीकडे पाहिलं, शेजारच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. कशावर बोट ठेवायचं ते त्याला कळेना. त्याचे ओठ हलत होते, पण शब्द येईना, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

माधुरी वाट बघत राहिली. मग तिला ते बघवेना, तशी त्याच्या न बोललेल्या शब्दांनाच तिने हळूच म्हटलं, “होय म्हाराजा.”